डीएमजी उघडली की बॅकग्राउंड गायब: दर रिलीजला परत येणारा प्रॉब्लेम आणि तो कायमचा कसा गेला

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे हाच प्रॉब्लेम तुम्हाला येत असेल तर लगेच ओळखाल. मॅकसाठी डेस्कटॉप ॲप बनवलंय, लोकांना ते डीएमजी फाइलमधून (उघडली की वेगळ्या डिस्कसारखी दिसणारी मॅकची फाइल) देताय, डीएमजी उघडली की छान विंडो येते, डावीकडे ॲपचा आयकॉन, उजवीकडे ॲप्लिकेशन्स फोल्डर, मधे बाण, मागे नीट काढलेलं चित्र. तुमच्या मशीनवर सगळं झकास. रिलीज करता आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं, त्यात विंडो पांढरीफटक, बाण नाही, चित्र नाही, कधीकधी आयकॉनपण वर कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेले. तुम्ही विंडो परत हाताने लावता, ते व्हर्जन नीट जातं आणि पुढच्या व्हर्जनला परत तेच. आमच्याकडे हे जवळजवळ वर्षभर चालू होतं, शेवटी मी तीन दिवस दुसरं काहीच हातात न घेता फक्त याच्या मागे लागलो, त्यात जे कळलं ते सगळं लिहून ठेवतोय.

एका विंडोच्या चित्रासाठी तीन दिवस का, तर त्याचं कारण एक फोन. आमचं ॲप मराठी मुद्रितशोधनासाठी आहे, वापरणारे बरेचसे पुण्यातले डीटीपीवाले आणि मुद्रितशोधक, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांची कामं करणारे. त्यातल्या एका काकूंचा फोन आला, "अरे, दोन चित्रं दिसतायत नुसती, पुढे काय करायचं ते कुठे लिहिलेलंच नाही, मग मी त्या पहिल्यावरच दोनदा क्लिक केलं, उघडलं की!" उघडलं, पण ते डीएमजीच्या आतूनच उघडलं. डीएमजी रीड-ओन्ली असते, त्यामुळे तिथून चालवलेल्या ॲपला स्वतःचं अपडेट लिहिता येत नाही, आणि २०१६ च्या मॅकओएस सिएरापासून तर नेटवरून उतरवलेलं ॲप असं थेट चालवलं की सिस्टिम ते भलत्याच तात्पुरत्या पाथवरून चालवते. काकूंनी संध्याकाळी मशीन बंद केलं, सकाळी डीएमजी माउंट नव्हती, म्हणजे डिस्क म्हणून जोडलेली नव्हती, डॉकमधल्या आयकॉनवर प्रश्नचिन्ह. त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, आणि मला तेच फार लागलं. तो बाण आणि त्याखालची एक ओळ ही त्या विंडोतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, ती गेली तर माणूस अडतो आणि वर दोष स्वतःलाच देतो.

आता मूळ कारण. विंडो कशी दिसणार हे ना ॲपमध्ये असतं ना त्या चित्रात, ते असतं डीएमजीच्या मुळाशी असलेल्या एका हिडन फाइलमध्ये, डीएस-स्टोअर, नावाच्या आधी टिंब. ही फाइल फाइंडर, म्हणजे मॅकवर फाइल्स आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम, लिहितो. विंडोचा आकार आणि जागा, टूलबार दिसायचा की नाही, आयकॉन केवढे, प्रत्येक आयकॉन कुठे, बॅकग्राउंडला कुठली इमेज, सगळं त्यात. आयकॉनची जागा फाइलच्या नावाने नोंदवलेली असते, अमुक नावाची फाइल अमुक एक्स-वायवर, एवढंच. पण बॅकग्राउंडची नोंद अशी साधी नसते, तिथे इमेजचा एलियस, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, असतो आणि त्या एलियसमध्ये फाइलच्या पाथबरोबर ती ज्या व्हॉल्यूमवर (माउंट झालेल्या डिस्कवर) आहे त्या व्हॉल्यूमचं नाव आणि तो व्हॉल्यूम कधी तयार झाला ती तारीखही असते. म्हणजे चित्र डीएमजीच्या आत अगदी जागच्या जागी आहे, पण एलियस शोधतोय वेगळ्याच नावाचा आणि वेगळ्याच तारखेचा व्हॉल्यूम, मग चित्र सापडणार कसं.

आमचं नेमकं हेच होत होतं. व्हॉल्यूमच्या नावात आम्ही व्हर्जन नंबर घालायचो, ॲपचं नाव आणि पुढे १.४, मग १.५. विंडो एकदा हाताने छान लावून त्यातली डीएस-स्टोअर फाइल बाजूला काढून ठेवली होती आणि बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे ॲप आणि डीएमजी आपोआप तयार करणारी स्क्रिप्ट, दर वेळी तीच नव्या व्हॉल्यूममध्ये कॉपी करायची. नवीन व्हॉल्यूम म्हणजे तारीख नवीन, आणि आमच्यामुळे नावही नवीन, एलियसला ओळख पटायला काही उरतच नव्हतं. आयकॉन मात्र जागेवर, कारण ॲपच्या फाइलचं नाव बदललेलं नव्हतं.

मग माझ्या मशीनवर का दिसायचं? याचं उत्तर सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. माझ्याकडे १.४ ची डीएमजी कायम माउंट असायची, टेस्टिंगसाठी उघडलेली, कधी इजेक्टच केली नाही. एलियस १.४ चा व्हॉल्यूम शोधायचा आणि तो त्याला सापडायचा, चित्र तिथून यायचं, म्हणजे १.५ च्या विंडोमागे मी १.४ मधलं चित्र बघत होतो. याचाच दुसरा प्रकार म्हणजे विंडो लावताना इमेज स्वतःच्या डेस्कटॉपवरून निवडणं. एलियस तुमच्या डेस्कटॉपकडे बोट दाखवतो, तुमच्याकडे कायम दिसतं, बाकी जगात कुणालाच दिसत नाही. त्यामुळे पहिला नियम असा की इमेज आधी डीएमजीच्या आत टाकायची, टिंबाने सुरू होणाऱ्या बॅकग्राउंड नावाच्या हिडन फोल्डरमध्ये, आणि मग तिथलीच निवडायची.

तुमच्याकडे काय बिघडलंय ते ओळखायला नुसतं नीट बघणं पुरतं. फक्त चित्र गेलंय आणि आयकॉन जागेवर आहेत तर एलियसचा प्रॉब्लेम, दुसरीकडे शोधत बसू नका. चित्र आणि आयकॉन दोन्ही विस्कटलेत, विंडोला टूलबार आणि साइडबारपण दिसतोय, तर डीएस-स्टोअर फाइल आतमध्ये नाहीच किंवा रिकामी आहे. चित्र आहे पण त्याचा एकच कोपरा मोठा होऊन दिसतोय किंवा धूसर आहे तर इमेजच्या डीपीआयचं (एका इंचात किती ठिपके, त्याचं) काहीतरी. चित्र आहे पण स्क्रोलबार आलेत तर विंडोची मापं. आणि फक्त एकच आयकॉन भलतीकडे गेलाय तर त्या फाइलचं नाव बदललंय, मग तो नुसता स्पेस असो नाहीतर कॅपिटल अक्षर.

डीएस-स्टोअर आतमध्ये नसण्याचं एक कारण फार साधं आहे आणि तरी भल्याभल्यांना सापडत नाही. मॅकवर काम करणारे जवळजवळ सगळे गिटइग्नोरमध्ये, म्हणजे कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत, डीएस-स्टोअर टाकून ठेवतात, बरोबरच आहे, एरवी तो कचराच असतो. पण टेम्प्लेट म्हणून ठेवलेली फाइल त्याच नावाची असेल तर ती कमिटच होत नाही, तुमच्या फोल्डरमध्ये आहे, बिल्ड सर्व्हरवर नाही, आणि कॉपीची ओळ एरर न देता पुढे जाईल अशी लिहिलेली असेल तर कुणाला कळतही नाही. टेम्प्लेट ठेवायचाच असेल तर नावातलं टिंब काढून ठेवा आणि कॉपी करताना लावा. पण खरं सांगायचं तर टेम्प्लेट ठेवूच नका, वर सांगितलं त्या एलियसमुळे तो कधी ना कधी दगा देतोच.

आता बरेच जण टेम्प्लेटऐवजी ॲपलस्क्रिप्ट, म्हणजे मॅकवरच्या प्रोग्रॅमना काम सांगायची ॲपलची भाषा, वापरतात, म्हणजे बिल्डच्या वेळी लिहिता येणारी डीएमजी माउंट करायची, फाइंडरला स्क्रिप्टने सांगायचं की आयकॉन व्ह्यू कर, टूलबार घालव, हे चित्र लाव, हे आयकॉन इथे ठेव, मग इजेक्ट करून कंप्रेस करायची. क्रिएट-डीएमजी नावाची जी शेल स्क्रिप्ट सगळीकडे वापरतात ती हेच करते. हा मार्ग चुकीचा नाही, एलियस दर वेळी नव्याने बनतो त्यामुळे वरचा प्रॉब्लेम यात येतच नाही, पण याचे स्वतःचे त्रास आहेत आणि आम्ही मधले चार महिने त्यात काढले.

पहिला त्रास नावाचा. त्याच नावाचा व्हॉल्यूम आधीच माउंट असेल तर सिस्टिम नव्याला पुढे १ लावून माउंट करते, आणि तुमची स्क्रिप्ट डिस्कला नावाने हाक मारत असेल तर ती जुन्या व्हॉल्यूमची विंडो सजवून मोकळी होते, नवीन तसाच कोरा राहतो. स्क्रिप्ट यशस्वी, विंडो पांढरी. उपाय असा की बिल्ड सुरू होताना त्या नावाचं जे जे माउंट असेल ते आधी इजेक्ट करायचं, आणि माउंट झाल्यावर पाथ गृहीत न धरता एचडीआय-यूटिल (डीएमजी माउंट करणारी मॅकची कमांड) जे आउटपुट देतं त्यातून वाचायचा.

दुसरा परवानगीचा. २०१८ च्या मोहावीपासून एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला ॲपल इव्हेंट (काम सांगणारा निरोप) पाठवायचा तर वापरणाऱ्याची परवानगी लागते, सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ऑटोमेशन म्हणून ती दिसते. टर्मिनलला ती दिलेली असते म्हणून आपल्याकडे चालतं, बिल्ड सर्व्हरवर परवानगीच्या त्या डायलॉगला होय म्हणायला कोणी बसलेलं नसतं. तिथे मायनस १७४३ एरर आली तर परवानगी नाही, मायनस १७१२ आली तर फाइंडरने वेळेत उत्तरच दिलं नाही, आणि मायनस १७२८ आली तर बहुतेक वेळा फाइंडरला नवीन डिस्क अजून दिसलेलीच नाही, माउंटनंतर दोन-चार सेकंद थांबून परत प्रयत्न केला की ही शेवटची जाते.

तिसरा वेळेचा, आणि हा सगळ्यात छळवादी, कारण दहातून एकदाच होतो. फाइंडर डीएस-स्टोअर लगेच लिहीत नाही, त्याच्या सवडीने लिहितो. स्क्रिप्टने विंडो बंद केली आणि लगेच डिटॅच (इजेक्ट) केलं तर कधी फाइल पूर्ण झालेली असते कधी नसते. त्यात इजेक्ट करताना 'रिसोर्स बिझी' आणि एक्झिट कोड १६ येतो, कारण स्पॉटलाइट किंवा दुसरं काहीतरी त्या व्हॉल्यूमवर बसलेलं असतं, मग माणूस वैतागून फोर्स लावतो आणि अर्धवट लिहिलेलं तसंच डीएमजीत जातं. फोर्स लावू नका. विंडो बंद केल्यावर डीएस-स्टोअर फाइल आली का आणि तिचा साइज शून्यापेक्षा जास्त आहे का हे लूपमध्ये बघा, मग सिंक करा, म्हणजे लिहायचं राहिलेलं डिस्कवर लिहून घ्या, मग डिटॅच, बिझी आलं तर काही सेकंद थांबून परत डिटॅच, पाच-सहा वेळा. आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत सुटायचंच.

शेवटी आम्ही फाइंडरला या कामातून बाहेरच काढलं आणि माझं मत विचाराल तर तेच करा. डीएमजीबिल्ड नावाचं पायथनमधलं टूल आहे, ते डीएस-स्टोअर आणि एलियस दोन्ही स्वतःच लिहितं, फाइंडर उघडत नाही, ॲपलस्क्रिप्ट नाही, त्यामुळे परवानगी नाही आणि टाइमआउटही नाही. एक सेटिंग्जची फाइल लिहायची, त्यात कुठली फाइल आत जाणार, ॲप्लिकेशन्सची सिमलिंक (शॉर्टकट), आयकॉन कुठे, विंडोचा चौकोन, आयकॉन साइज, बॅकग्राउंड. ही फाइल साधा टेक्स्ट असल्यामुळे गिटमध्ये राहते आणि कोणी आयकॉन दहा पॉइंट सरकवला तर डिफमध्ये दिसतं, जे हाताने लावलेल्या विंडोत कधीच दिसत नव्हतं. इलेक्ट्रॉनवाले (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवणारे) असाल तर इलेक्ट्रॉन-बिल्डरमध्येच डीएमजीचे हे सगळे पर्याय आहेत, वेगळं काही लागत नाही. आणि व्हॉल्यूमच्या नावातून व्हर्जन नंबर काढून टाका, तो डीएमजी फाइलच्या नावात ठेवा, तिथे तो लोकांना उपयोगीपण पडतो.

हे झाल्यावर पांढरी विंडो कायमची गेली. पण तोवर मी त्या विंडोकडे इतका वेळ बघितलं होतं की बाकीच्या खटकणाऱ्या गोष्टी दिसायला लागल्या, आणि त्यापण दर रिलीजला कुणाकडून तरी येतच होत्या, म्हणून त्याही लिहितो.

चित्राचं माप. फाइंडर बॅकग्राउंड ताणत नाही की आक्रसत नाही, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून जसं आहे तसं लावतो आणि चित्र कमी पडलं तर पुढची जागा कोरी. आमची विंडो ६४० बाय ४२० पॉइंटची. रेटिना स्क्रीनसाठी डिझायनरने १२८० बाय ८४० ची पीएनजी दिली, आम्ही ती सरळ लावली आणि विंडोत चित्राचा फक्त वरचा डावा चतकोर दिसला, कारण त्या फाइलमध्ये डीपीआय ७२ होता म्हणजे फाइंडरच्या लेखी ते १२८० पॉइंट रुंद चित्र. मग कोणीतरी लहान करून ६४० ची लावली, ती रेटिनावर धूसर. बरोबर पद्धत अशी की दोन्ही ठेवायच्या, एक ६४० बाय ४२०, दुसरी दुप्पट आणि १४४ डीपीआय, आणि मॅकवरच्या टिफयूटिलने त्या दोन्हींची मिळून एक टिफ बनवायची, फाइंडर त्यातून स्क्रीनप्रमाणे योग्य ती उचलतो. दुप्पट इमेजच्या नावात शेवटी ॲट-द-रेट आणि २एक्स लावून शेजारी ठेवली तर डीएमजीबिल्ड हे स्वतःच करतं.

विंडोची उंची. आपण जी उंची देतो त्यात वरची टायटलची पट्टीपण धरलेली असते. चित्र ४२० आणि विंडोही ४२० दिली तर खालचं काहीतरी कापलं जातं आणि ज्यांनी स्क्रोलबार कायम दिसू द्या असं सेट केलंय त्यांना बाजूला पट्ट्या दिसतात. ही टायटलची पट्टी आधी २२ पॉइंटची होती, २०२० च्या बिग सरपासून २८ ची झाली, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टमधले आकडे तसेच उचललेत तर सहा पॉइंट चुकतात. आम्ही विंडो ४४८ ठेवतो. शिवाय ज्यांनी फाइंडरमध्ये पाथ बार किंवा स्टेटस बार चालू ठेवलाय त्यांच्याकडे खालून जागा जाऊ शकते, म्हणून चित्राच्या तळाच्या चाळीसेक पॉइंटमध्ये महत्त्वाचं काही ठेवायचं नाही, नुसता रंग. आमची सूचनेची ओळ आधी तिथेच होती आणि निम्म्या लोकांना ती अर्धीच दिसायची.

आयकॉनच्या जागेचे आकडे हे आयकॉनच्या मध्यबिंदूचे असतात, कोपऱ्याचे नाहीत, हे माहीत नसेल तर बाण कधीच मधोमध येत नाही. आमचा आयकॉन साइज १२८, ॲप १७० वर आणि ॲप्लिकेशन्स ४७० वर, दोन्ही वरून १९० वर, म्हणजे दोन्हींपासून कडा सारख्याच लांब. बाण मधल्या मोकळ्या जागेत, २३४ ते ४०६ च्या आत, आणि दोन्ही बाजूंनी थोडा श्वास सोडून. चित्रात आयकॉनच्या जागी चौकट किंवा वर्तुळ काढायचा मोह होतो, डिझायनर लोकांना तर फार, पण एखादा पॉइंट सरकला तरी ते वाकडं दिसतं, त्यापेक्षा मोकळं मैदान बरं.

नावांचा रंग आपल्या हातात नाही, फाइंडर ठरवतो. म्हणून आयकॉनच्या खालचा पट्टा एकदम पांढरा किंवा एकदम गडद न ठेवता मधल्या छटेचा ठेवा ज्यावर काळी आणि पांढरी दोन्ही अक्षरं वाचता येतील, आणि त्या पट्ट्यात नक्षी, ग्रेडियंट, लोगो काहीही नको. लाइट आणि डार्क दोन्हीत उघडून बघा, स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून.

हिडन फाइल्स. डेव्हलपर आणि काही डीटीपीवालेपण कमांड-शिफ्ट-टिंब दाबून हिडन फाइल्स चालू ठेवतात आणि मग बॅकग्राउंडचं फोल्डर, डीएस-स्टोअर, व्हॉल्यूमचा आयकॉन हे सगळे फिकट आयकॉन आपल्या बाणावर येऊन बसतात. त्यांनाही जागा द्या, विंडोच्या बाहेर खूप उजवीकडे, ९०० च्या पुढे, म्हणजे ज्यांना दिसतात त्यांना स्क्रोल करून दिसतील पण सूचनेवर नाही येणार.

आता मराठीचा भाग, जो मला इंग्रजीतल्या कुठल्याच माहितीत मिळाला नाही आणि ज्यात आमचा एक अख्खा रिलीज फसला. बाणाखाली आम्हाला ओळ हवी होती, "हे चित्र ओढून ॲप्लिकेशन्समध्ये सोडा". चित्र बिल्डच्या वेळी पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीने बनवत होतो, कारण काही वेळा ओळ बदलायची. माझ्या मशीनवर ओळ सुंदर, सर्व्हरवर बनलेल्या डीएमजीत "प्लि"मधली वेलांटी पुढे गेलेली, चित्रमधला "त्र" तुटून त आणि र हलंतासकट वेगळे. मुद्रितशोधन करणाऱ्यांना आपण हे दाखवणार! कारण असं की देवनागरी नीट जुळवायला पिलोला रॅक्म नावाचा लेआउट लागतो, आणि तयार पॅकेजमध्ये तो असला तरी फ्रिबिडी नावाची दुसरी लायब्ररी मशीनवर असेल तरच तो चालू होतो, नसेल तर पिलो एरर न देता साध्या लेआउटवर जातं, जिथे अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवली जातात. माझ्याकडे फ्रिबिडी दुसऱ्या कशाबरोबर तरी आधीच आलेली होती. सर्व्हरवर ती इन्स्टॉल केली की लगेच नीट झालं, पण नंतर मी तो सगळा प्रकारच काढून टाकला, आता ओळ डिझायनर लिहितो, अक्षरांचे आकार करून घेतो आणि तयार पीएनजी गिटमध्ये येते. वर्षातून एकदा बदलणाऱ्या ओळीसाठी बिल्डमध्ये फॉन्टची जोखीम नको.

फॉन्ट निवडताना "ॲ" बघा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, ५.१ व्या आवृत्तीत, त्यामुळे जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये ते नसतं आणि त्या जागी चौकोन येतो किंवा दुसऱ्याच फॉन्टमधलं उचललेलं, जाडी न जुळणारं अक्षर येतं. आणि आपल्या ओळीत ॲप्लिकेशन्स येणारच. सिमलिंकखालचं नाव मात्र इंग्रजीतच दिसणार, त्यामुळे शक्य असेल तर ओळीत निळ्या फोल्डरचा उल्लेख करा, काकूंना "उजवीकडच्या निळ्या फोल्डरमध्ये सोडा" हे जास्त पटकन कळलं.

व्हॉल्यूमचं आणि ॲपच्या फाइलचं नाव देवनागरीत ठेवायचा विचार असेल तर एक धोका सांगतो. डीएमजीत सहसा वापरतात ती एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावं साठवताना काही अक्षरं फोडून साठवते, आणि मराठीतला "ऱ" त्यातलाच, वऱ्हाड किंवा दुसऱ्या लिहिलं की तो र अधिक खालचं टिंब असा साठवला जातो. दिसायला तेच, बाइट्स वेगळे, आणि आयकॉनची जागा तर नावावरूनच शोधली जाते. म्हणून आम्ही फाइलचं नाव रोमनमध्येच ठेवतो आणि लोकांना दिसणारं मराठी नाव ॲपच्या आतल्या लोकलायझेशनमधून देतो. आम्हाला मराठी नाव लाडकं आहे, पण ते दिसण्याच्या पातळीवर असलेलं बरं.

सही आणि नोटरायझेशनबद्दल (ॲपलकडून ॲप तपासून घेण्याबद्दल) फार नाही लिहीत, फक्त क्रम चुकवू नका. आधी ॲपवर सही, मग डीएमजी बनवून कंप्रेस, मग डीएमजीवर सही, मग नोटरीटूलने पाठवायची, मग स्टेपल, म्हणजे मिळालेली मंजुरी डीएमजीलाच जोडायची. यानंतर डीएमजीत काहीही बदलायचं नाही, आयकॉन एक पॉइंट हलवायचा असेल तरी पहिल्यापासून. जुन्या स्क्रिप्टमध्ये आल्टूल (नोटरीटूलच्या आधीचं टूल) असेल तर नोटरायझेशनसाठी ते नोव्हेंबर २०२३ पासून बंद आहे.

आणि टेस्टिंग. ज्या मशीनवर बिल्ड झाली तिथे बघितलेलं धरूच नका, निदान वेगळं युझर अकाउंट तरी घ्या, जुन्या सगळ्या डीएमजी इजेक्ट करा, शंका आली तर फाइंडर रिलाँच करा, आणि फाइल पेनड्राइव्हने न नेता ब्राउझरमधून उतरवा, कारण नेटवरून आलेल्या फाइलला क्वारंटाइनचा शिक्का लागतो आणि लोकांकडे ती तशीच उघडणार असते. आमच्या बिल्डच्या शेवटी आता एक छोटी पायरी आहे, तयार डीएमजी रीड-ओन्ली माउंट करते, डीएस-स्टोअर आहे का आणि रिकामी तर नाही ना, बॅकग्राउंडची टिफ आहे का, सिमलिंक ॲप्लिकेशन्सकडेच जाते का, व्हॉल्यूमचं नाव ठरलेलंच आहे का, एवढं बघते आणि एकही चुकलं तर बिल्ड लाल करते. पहिल्याच आठवड्यात तिने एकदा पकडलं, कोणीतरी व्हॉल्यूमच्या नावात परत व्हर्जन नंबर घातला होता.